देवघरावरचा चौकोन

आमच्या माहेरी एक गोष्ट सांगायची पद्धत आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं आटोपून मंडळी सतरंजीवर पसरली की कोणीतरी सुरू करतंच. "अण्णांनी एका उन्हाळ्यात, गवंडी नाही, सुतार नाही, स्वतःच्या हाताने घर नवं केलं. छपरावर कसे फिरायचे माहितेय? खारीसारखे." मग दुसरं कोणी म्हणतं, "आणि ते छप्पर शेवटपर्यंत एका थेंबाने गळलं नाही." मी तिथेच असते, अडकित्त्याने सुपारी कातरत. पन्नास वर्षं ही गोष्ट मी ऐकून घेतलीय. माझे अण्णा होते, मला काय त्यांचं कौतुक नको होतं? पण खारीसारखे? अहो, शिडीच्या चौथ्या पायरीवर ज्यांचे डोळे फिरायचे, ते छपरावर खारीसारखे फिरले? आता माझी सत्तरी जवळ आली. शाळा माझी सातवीत सुटली, पुढचं सगळं आपलं आपण वाचून शिकले, त्यामुळे लिहिणं बोलल्यासारखंच होणार. पण त्या उन्हाळ्यात काय झालं ते मी लिहून ठेवणार आहे.

आमचं घर बदलापूर गावात. स्टेशनाकडचं बदलापूर वेगळं, गाव वेगळं, हे आता नव्या लोकांना सांगावं लागतं. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे पडवी, पडवीपलीकडे जांभळीचं झाड. मधल्या खोलीत, उजव्या हाताच्या भिंतीला देवघर. छप्पर जुन्या नळीच्या कौलांचं. ती कौलं म्हणजे मांजर वरून गेलं तरी सरकायची. दर वर्षी घरात बारा ठिकाणी पातेली ठेवायची आणि कुठल्या पातेल्याचा आवाज कुठला हे आम्हाला झोपेत कळायचं. त्या वर्षी अण्णांनी ठरवलं की मंगलोरी कौलं घालायची, जमिनीला शेण सारवायचं बंद करून शहाबादी फरशी टाकायची, आणि हे सगळं घरच्या घरी करायचं. अण्णा अंबरनाथला कारखान्यात होते. त्यांचं काम काय, तर पिंपं आणि टाक्या गळतात का ते पाणी भरून तपासायचं. साठवून ठेवलेली सगळी रजा त्यांनी त्या उन्हाळ्यात घेतली. धाकटा भाऊ तीन वर्षांचा, तो काय कामाचा. म्हणजे घरात कामाला आम्ही तिघं. अण्णा, आई आणि मी. मी पंधरावं लागलेली, काडीसारखी.

कौलं आणायला अण्णा मला घेऊन उल्हासनगरला गेले. तिथे तेव्हा कॅम्पातल्या लष्कराच्या जुन्या बराकी पाडायला घेतल्या होत्या आणि त्यांचं छप्पर, दारं, खिडक्या, सगळं विकायला यायचं. एक सिंधी शेठ होते, पांढरा लेंगा, कपाळाला घाम, सगळे त्यांना साईं म्हणायचे. त्यांच्या वखारीत कौलांच्या भिंती उभ्या होत्या. अण्णा वरवरची बघून मोजायला लागले, तसे साईं मला म्हणाले, "बेटी, डोळ्याने नको बघू. कान लाव." त्यांनी एक कौल हातावर तोललं आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. टण्ण आवाज आला, देवळातल्या घंटेसारखा. दुसरं घेतलं. थप्प. "ये मर गया," म्हणाले, "दिसतं चांगलं, आतून तडकलंय. पाणी पिणार." मग मीच एकेक वाजवत गेले. दुपारपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली, पण एकही मेलेलं कौल मी टेम्पोत चढू दिलं नाही. निघताना साईंनी विजेच्या जळलेल्या मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं माझ्या हातात ठेवलं आणि अण्णांना म्हणाले, "वाऱ्याने उडू नये म्हणून बांध. आणि हिच्याकडून बांधून घे, तुझ्यापेक्षा हिला जास्त समजतं." अण्णा हसले. त्या परक्या माणसाने माझं काम बघितलं आणि तोंडावर सांगितलं. आमच्या घरात कोणाला ते जमलं नाही.

जुनी कौलं उतरवली, वासे उघडे पडले. आईने देव्हाऱ्यातले देव काढून तांब्याच्या ताम्हनात तांदळाच्या ढिगावर बसवले आणि ताम्हन पडवीत कोनाड्यात ठेवलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे. आम्हीही पडवीतच राहायला गेलो. तिथेच चूल, तिथेच झोपणं. दिवसभर धूळ, त्यामुळे आई जेवण एकदाच करून ठेवायची. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, आणि कैरी उकडून केलेलं पातळ सार. त्या साराचा आंबटपणा आणि हाताला लागलेला चुना यांची चव आजही माझ्या जिभेवर एकत्रच येते. जांभळीखाली बसून जेवायचो. वरून जांभळं टपटप पडायची, आणि आई म्हणायची, "ताट झाका गं, नाहीतर भाकरीला जांभळा ठिपका."

पहिल्या दिवशी अण्णा शिडीवर चढले. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पायरीवर त्यांनी शिडीला मिठी मारली. डोळे मिटलेले, मिशीवर घाम. आईने खालून पाय धरून एकेक पायरी उतरवलं. अण्णा पाणी प्यायले आणि वर बघत राहिले. मग मीच म्हटलं, "मी जाऊ का?" अण्णा म्हणाले, "परकर अडकेल." एवढंच. नको म्हणाले नाहीत. आईने त्यांची कारखान्याची जुनी खाकी पँट आणली, कमरेला नाडा बांधला, आणि मी चढले.

वर काय असतं ते चढल्याशिवाय कळत नाही. उल्हास नदीची वळणं दिसायची, पलीकडे डोंगर, आणि गावातल्या सगळ्या बायका आपापल्या मागच्या अंगणात काय वाळत घालतात ते दिसायचं. काम साधं असतं पण नीट करावं लागतं. पाय कौलावर नाही, वाशावर टाकायचा. वळचणीपासून सुरू करून वर जायचं, म्हणजे वरच्या ओळीचं कौल खालच्या ओळीवर बसतं आणि पाणी उतरत जातं. अण्णा खालून दोरीला टोपली बांधून पाच-पाच कौलं वर पाठवायचे. मी लावायची. मग घरात उतरून तुळईवर बसायचं आणि आतल्या बाजूने तार बांधायची. एक टोक कौलाच्या पाठीवरच्या भोकाला, दुसरं खालच्या लाकडी पट्टीला. तारेची गाठ कशी मारतात मला कोणी शिकवलं नव्हतं. मला एकच पक्की गाठ येत होती, वेणीला रिबीन बांधायची. दोन कान आणि मध्ये करकचून आवळायचं. प्रत्येक कौलाला मी रिबीन बांधली म्हणा ना. आई खालून बघून हसायची, "छपराची वेणी घालतेय माझी पोर."

आठ दिवसांत निम्म्याहून जास्त छप्पर झालं. मग आले आबा. आबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, शेजारच्याच वाड्यात राहायचे. शेती तेच बघायचे, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. काठी ओट्यावर आपटून त्यांनी वर बघितलं. वर मी, खाकी पँटीत.

"काय रं," आबा अण्णांना म्हणाले, "घरातले बाप्ये मेले काय? पोरीला छपरावर चढवलीस?"

"हलकी आहे ती, आबा. माझ्या वजनाने कौलं फुटतात." हे खोटं होतं, पण अर्धंच.

"हलकी हाय तर काय वाऱ्यावर सोडायची? खाली देवघर हाय. जाणती पोर देवाच्या डोक्यावर पाय देतेय, नि तू खालनं कौलं पुरवतोस?"

मी वरूनच म्हणाले, "आबा, देव इथे नाहीत. ते पडवीत तांदळात बसलेत."

आईने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की भीतीने, ते मला अजून ठाऊक नाही. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अण्णांनाच म्हणाले, "हिला बोलायला पण तूच शिकवलंस का? जागा देवाची असते. देव उठून गेले म्हणून जागा जात नाय."

शेवटी तोड अशी निघाली की मी बाकीचं छप्पर करायचं, पण देवघरावरचा चौकोन, साधारण एका बाजेएवढा, मोकळा सोडायचा. तो आबांचा विलास करणार. विलासदादा वीस वर्षांचा, पान खाणारा, गावात टोपणनाव साहेब. आता मला सांगा, चौकोन मोकळा सोडून त्याच्या चारी बाजूंनी कौलं लावायची, म्हणजे मी त्या चौकोनाच्या कडेला बसणार, वाकणार, हात आत घालणार. हात चालतो, पाय चालत नाही. आणि दर महिन्याला ज्या देवघराची जमीन आम्ही बायकांनी शेणाने सारवली, गुडघ्यांवर बसून, तेव्हा आमचे गुडघे देवाला चालत होते. हा हिशेब मी तेव्हाही मनात केला होता. आजही कोणी मला सोडवून दिलेला नाही.

विलासदादा एका दुपारी आला, तोंडात पान. मी खालून सांगितलं, "दादा, वरच्या कडेची कौलं माझ्या ओळीच्या खाली सरकव. वरची ओळ जरा उचलायची आणि खाली घालायचं."

"तू मला शिकवू नको गं. परकर घाल आधी."

त्याने वरची ओळ उचलली नाही. उचलायला वाकावं लागतं. कौलं सरळ वरून ठेवून दिली, माझ्या ओळीच्या डोक्यावर. तारही नाही बांधली. अर्ध्या तासात उतरला आणि आईने त्याला सरबत दिलं.

आबांनी दिवस काढून दिला. देव पुन्हा देव्हाऱ्यात बसले, नारळ फुटला, शेजारपाजारचे आले. फरशी आरशासारखी. ती मी आणि आईने विटेच्या तुकड्याने घासली होती. पूजा झाल्यावर अण्णा म्हणाले, "आता पाणी." त्यांची कारखान्याची सवय. पाणी ओतून बघितल्याशिवाय काम झालं असं ते म्हणायचे नाहीत. विलासदादा वर चढला, खालून लोक विहिरीवरून आणलेले हंडे पोचवत होते, आणि तो आढ्यावरून पाणी सोडत होता. आम्ही सगळे आत, माना वर करून. पुढची खोली कोरडी. मागची कोरडी. वर पाणी खळखळ वाहतंय आणि आत थेंब नाही. माझ्या छातीत असं काही भरून आलं होतं की काय सांगू. मग मधली खोली. एक थेंब पडला, मग दुसरा, मग धारच लागली, नेमकी देव्हाऱ्यावर. बाळकृष्ण भिजला, कुंकू वाहून फरशीवर आलं. एक शेजारीण म्हणाली, "अगबाई, अभिषेक झाला की." दोघंतिघं हसले.

आबा हसले नाहीत. "बघितलंत?" म्हणाले. "अख्खं छप्पर कोरडं, नि देवावरच गळतं. देवाने दाखवून दिलं कोणाचा पाय पडला ते."

मी ओरडलेच. "तो चौकोन माझा नाही. तो विलासदादाने केलाय. मी हात लावलेला नाही. वर चढून बघा, कौलं उलटी बसलीत."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी अण्णांकडे. रोज टाक्या तपासणारा माणूस. पाणी कुठून शिरतं हे ओळखायचा पगार घेणारा माणूस. त्यांनी वर बघितलं, मला दिसलं की त्यांना कळलंय. विलासदादा दारात टॉवेलने हात पुसत होता.

"देवापुढं नाक घासू दे तिला," आबा म्हणाले. "चुकले म्हणू दे. इषय संपला."

मी म्हणाले, "मी नाही घासणार."

तेव्हा अण्णा बोलले. एवढा वेळ न बोललेला माणूस बोलला, तो हे. "कर, मंदा."

मी केलं. त्याच फरशीवर, जी मी घासली होती. कुंकवाचं पाणी नाकाला लागलं. चुकले, असं म्हणाले. काय चुकले ते कोणी विचारलं नाही.

तीन दिवसांनी जांभूळ गावाला आबांच्या मेहुण्याकडे लग्न होतं. अख्खी भावकी गेली, धाकट्याला घेऊन आईसुद्धा. अण्णा म्हणाले, मंदाचं पोट दुखतंय, मी थांबतो तिच्याजवळ. माझं पोट दुखत नव्हतं. सगळे गेल्यावर अण्णांनी खाकी पँट खुंटीवरून काढून माझ्यासमोर धरली. गेले तीन दिवस मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. त्यांनी शिडी लावली, दोन्ही हातांनी धरली, आणि मी देवाच्या डोक्यावर चढले. देव त्या वेळी खरोखर खाली होते, हे सांगायला हवं. विलासदादाची सगळी कौलं उपटली. दोन वाजवून बघितली तर मेलेली. त्याने शिडीवरून पाडली असणार. ती बदलली, वरची ओळ उचलून एकेक खाली सरकवलं, मग तुळईवर बसून तारा बांधल्या, दोन कान आणि मध्ये गाठ. अण्णांनी विहिरीवरून स्वतः दहा हंडे आणले, मी वरून ओतले. ते आत जाऊन देव्हाऱ्यापाशी मान वर करून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा टक्कल कोरडं होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवून मला दाखवला. मग मी हसले.

"कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले. गाडीवाल्याकडून ताडगोळे आणले, सोलून एकेक माझ्या हातावर ठेवले. आणि मला, काय सांगू, भूषण वाटलं. माझं आणि अण्णांचं गुपित. वडिलांनी मला विश्वासात घेतलं. त्या दिवशी मी खूश झाले होते, याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

संध्याकाळी आबा परतले. अण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मी चढून नीट केलं छप्पर. आता गळत नाही." आबांनी एक हंडा ओतायला लावून खात्री केली आणि म्हणाले, "बघ, बाप्याचा हात लागला." आपला भाऊ शिडी चढू शकत नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत असणार, एकाच घरात वाढलेले दोघे. पण ते आत गेले, देवाला हात जोडले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे एकदा विचारलं मी. मला दोन मुलं झाली होती, अण्णा निवृत्त, त्याच छपराखाली आरामखुर्चीत. म्हटलं, "अण्णा, तेव्हा खरं का नाही सांगितलंत?" मग म्हणाले, "तुझं लग्न व्हायचं होतं. छपरावर चढणारी, मोठ्यांना उलटून बोलणारी, असं नाव झालं असतं." मी म्हटलं, "आता तर झालं ना लग्न? आता सांगा की." तर म्हणाले, "आता कशाला. चहा टाक." आणि मी टाकला. तेही लिहून ठेवते.

गेल्या वर्षी भाच्याने, धाकट्या भावाच्या निखिलने, घर बिल्डरला दिलं. निखिल आनंदनगरला कारखान्यात साहेब आहे, मोठा गुणी मुलगा. कौलं उतरवली तेव्हा त्याने देवघरावरचं एक मुद्दाम मागून घेतलं. नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले तर हॉलच्या भिंतीवर ते कौल लटकवलेलं. वर छोटा दिवा, प्रकाश बरोबर कौलावर. खाली पितळेची पाटी. अण्णांचं पूर्ण नाव, आणि त्याखाली, यांच्या हातचं.

"कसं वाटतंय, आत्या?" निखिल म्हणाला. "इंटिरिअरवाल्याची आयडिया. एकदम अँटिक लूक."

"खाली काढ."

"अं?"

"खाली काढ रे. मला त्याची पाठ बघायचीय."

त्याला वाटलं मला भरून आलंय. स्टूल आणून त्याने अलगद काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं. मी उलटं केलं. भोकात तांब्याची तार तशीच होती, हिरवी पडलेली. उतरवणाऱ्याने खालून कापली होती, पण गाठ शाबूत. दोन कान.

"ही गाठ कसली आहे?" मी विचारलं.

निखिलने वाकून बघितलं. त्याची बायको आली, तिने बघितलं आणि तीच म्हणाली, "बो आहे हा. रिबिनीचा."

"तुझे आजोबा वेणी घालायचे का?"

मग मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच, पाहुण्यांसमोर, वरण थंड होत असताना. निखिल ऐकत होता. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "आत्या, पण पाटी बनवून झाली गं. आणि सगळ्यांना हेच माहितेय. असं करू का, दोघांचं नाव टाकू?"

"दोघांचं कशाला? त्यांनी शिडी धरली होती. हवं तर तेवढं लिही."

"अगं, ते बरं दिसेल का?"

बरं दिसेल का. पन्नास वर्षं झाली, आबा गेले, अण्णा गेले, घर गेलं, आणि हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. मी वाद घातला नाही. पेराने कौल एकदा वाजवलं. टण्ण. पिशवीतली साडी काढून त्याला गुंडाळलं, रिक्षात मांडीवर घेऊन बसले. निखिलचा दोनदा फोन आला, "आत्या, भिंत रिकामी दिसते गं, आण ना परत." आणेन, पाटी बदल, म्हटलं. अजून बदललेली नाही. त्याच्याकडे भिंतीवर खिळा आहे, दिवा आहे, खाली अण्णांच्या नावाची पाटी आहे. कौल माझ्याकडे आहे.